आईची सही आधी

चाळीस वर्षं मी लोकायचे कागद लिहिले. 'सबब', 'सदरहू मिळकत', 'लिहून देणार', 'लिहून घेणार' असं शुद्ध लिहिता लिहिता बोटायले घट्टे पडले. आता हे माह्या भाषेत सांगतो. कोणाले नाही आवडलं तं नका वाचू, माहं काही अडून नाही राह्यलं.

मी रुपराव. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसणारा दस्तलेखक. आधी हातानं लिहायचो, मग टायपिंग आलं, मग कॉम्प्युटर. सहा वर्षांखाली टेबल उचललं. पण धंदा सुटला तरी जिभेची खाज काही सुटत नाही. आमच्या ले-आऊटमध्ये विहाराशेजारी ज्येष्ठ नागरिक मंडळाची खोली हाये. तिथं दर गुरुवारी चार वाजता मी म्हाताऱ्यायले फुकट सल्ला देत होतो.

सल्ला म्हणजे काय, निरा बोंबलणंच. "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, कितीदा सांगू? मृत्युपत्र शंभर वेळा बदलता येते, बक्षीसपत्र एकदा झालं की झालं. पोरगा कितीही गोड बोलला तरी जिवंतपणी घर त्याच्या नावानं करू नका. करायचंच असंन तं त्याच्यात एक ओळ टाकून घ्या, की मले मरेपर्यंत ठेवशील, खाऊ घालशील, दवाखाना करशील. ती ओळ नसली तं मग माह्याजवळ रडत येऊ नका." लोक हसत. मार्तंड नावाचा एक रिटायर पोस्टमन हाये, तो पहिल्या खुर्चीत बसून झोपा काढते अन् मधातच डोळे उघडून विचारते, "काय गा रुपराव, सही केल्यावर सांगून राहिला काय, का आधी?" मी म्हणायचो, "तू झोप बे भैताडा, तुह्याजवळ सही करायले हायेच काय?" असं सगळं मजेत चाललं होतं. मले वाटायचं, मी लय लोकायचे घरं वाचवले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी जया वहिनी आली. वहिनी म्हणजे देवाजीची बायको. देवाजी अन् मी एका वर्गात, एका बाकावर. दोघायनं मिळून एक सायकल घेतली होती, एक दिवस तो चालवे, एक दिवस मी. तो रेल्वेत फिटर झाला. इंदोरा वस्तीच्या मागं हजार फुटाचा प्लॉट घेऊन त्यानं घर बांधलं, तवा स्लॅबच्या दिवशी मीही घमेले उचलले. २०१५ साली हार्टनं गेला. त्याले दोन लेकरं, विक्की अन् माया. विक्की आईजवळच, त्याच घरात. माया कुही गावाले देलेली.

वहिनी मंडळात कधी यायची नाही. त्या दिवशी मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून होती. सगळ्यायचे प्रश्न झाल्यावर मी म्हटलं, "काय वहिनी, आज इकडं कशा?"

"भाऊजी, विक्कीनं घर बिल्डरले देलं म्हणते. पाडून चार मजले करणार हायेत. एप्रिलपर्यंत खाली करायचं हाये."

"अन् तुम्ही?"

"मले म्हणते, आई, तू मायाकडं जा."

"नवीन बांधकामात फ्लॅट भेटन नं त्याले?"

"भेटते एक. दोन खोल्यायचा. पोट्टे मोठे झाले, एक खोली त्यायले लागते म्हणे." एवढं बोलून तिनं इकडंतिकडं पाह्यलं, मग हळूच म्हणाली, "मले कुहीले नाही जायचं, भाऊजी. जावयाच्या दारात दोन दिवस बरं वाटते. मले माह्या घरातच मरायचं हाये. एक खोली पाह्यजे फक्त. लहान असली तरी चालते."

मले हसू आलं. खरंच सांगतो, आनंदच झाला, कारण याचं उत्तर माह्या तोंडावर होतं. उभा राह्यलो अन् सगळ्यायले ऐकू जाईन असा बोललो. "देवाजी मृत्युपत्र न करता गेला. मग बायको, पोरगा, पोरगी, तिघायचे सारखे हिस्से. मायानं भावासाठी हिस्सा सोडला असंन, तो वेगळा. पण तिसरा हिस्सा वहिनीचा. वहिनीच्या सहीबिगर बिल्डरचा बाप आला तरी एक वीट नाही हलवू शकत! एक खोली काय मागता वहिनी, अख्खा एक फ्लॅट मागा." खोलीत टाळ्या पडल्या. मार्तंडही जागा झाला.

वहिनीनं टाळ्या थांबू देल्ल्या. मग पिशवीतून कागद काढला.

"पण भाऊजी, तो कागद केला होता नं आपण."

हक्कसोडपत्र होतं. लिहून घेणार, विक्की. लिहून देणार क्रमांक एक, जयाबाई. क्रमांक दोन, माया. शेवटच्या पानावर माहा शिक्का, अन् शिक्क्यावर माही सही, चांगली लफ्फेदार.

मी विसरूनच गेलो होतो. वर्षाले दीडशे-दोनशे हक्कसोड लिहायचो, कोणकोणतं ध्यानात राहीन? पण कागद हातात आला अन् सगळा दिवस डोळ्यापुढं आला. अन् मी काय केलं माहीत हाये? वहिनीवरच ओरडलो. "मग तवा काहून केली सही? वाचायचं नाही? विचारायचं नाही?"

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाले नं भाऊजी, करा म्हणून." रागानं नाही म्हणाली. आठवण करून देल्यासारखं म्हणाली.

आता माह्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ही मी कधी कोणाले सांगतली नव्हती.

बाप मेला की पोरींचा हिस्सा पोराच्या नावानं सोडून घेतात. हे सगळीकडं चालते. आमच्या बाबासाहेबानं बायकांच्या हक्कासाठी जीव आटवला, अन् आम्ही दीक्षा घेतलेले लोकच पोरीले म्हणतो, हिस्सा घेशील तं माहेर तुटन. पण पोरगी सही करताना अडते. पेन हातात घेते अन् कागदाकडं पाहत राहते. कधी रडते. कधी नवऱ्यानं घरून शिकवून पाठवलं राहते. मागं वीस लोक लाइनीत, साहेबाची जेवायची वेळ झाली राहते, अन् ही बसून. मग आम्ही काय करायचो? आईची सही आधी घ्यायचो. आईनंच सोडलं म्हटल्यावर पोरगी कोणत्या तोंडानं धरून ठेवन? मुकाट करते. ही युक्ती मले माह्या गुरूनं शिकवली, अन् मी पुढं दहा जणायले शिकवली. त्याच्यासाठी लिहून देणारांमध्ये आईचं नाव पहिलं टाकायचं. कॉम्प्युटरमध्ये नमुनाच तसा करून ठेवला होता. नुसते नावं बदलायचे.

आईची सही घ्यायची काही गरज नसते. काहीच नाही. फक्त पोरीले वाकवायले ती लागते. अन् त्याच सहीत आईचाही हिस्सा जाते, हे मले माहीत नव्हतं काय? होतं. पण आई पोराजवळच राहणार, तिले हिस्सा घेऊन काय करायचं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

देवाजीचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तेरवीच्या जागी आम्ही करतो तो, कार्यक्रम होऊन पंधरा दिवस झाले होते. माह्या टेबलासमोर बाकावर तिघं बसले होते. मी पैसे घेणार नव्हतो, दोस्ताचं घर म्हणून. मायानं पेन घेतला अन् थांबली. "काका, बाबानं मले काहीच नाही ठेवलं काय?" म्हणे. विक्की तोंड फिरवून बसला. मी तिच्या हातातला पेन काढून घेतला अन् वहिनीले देल्ला. "वहिनी, आधी तुम्ही करा. आईनं सोडलं म्हटल्यावर पोरगी काहून धरून बसन?"

वहिनीनं विचारलं होतं. तेवढं मले चांगलं आठवते. "मीपण करायची काय भाऊजी?"

"अहो, नुसती फॉर्म्यालिटी हाये. पोरगा तुम्हाले टाकून देणार हाये काय?"

तिनं सही केली. देवाजीनंच लग्नानंतर तिले सही शिकवली होती. ज, या, बा, ई, एकेक अक्षर थांबून थांबून. मग मायानं केली. आतमध्ये साहेबानं विचारलं, मंजूर हाये काय, दोघींनी माना हलवल्या. कागदाच्या शेवटी छापलेलं होतं, 'वरील मजकूर लिहून देणार यांना वाचून दाखवला व समजावून सांगितला, तो त्यांना मान्य आहे.' त्याच्याखाली माही सही. चाळीस वर्षांत मी कोणालेच कधी वाचून दाखवलं नाही. बाहेर येऊन आम्ही चौघायनं समोसे खाल्ले, पैसे विक्कीनं देल्ले.

दुसऱ्या दिवशी मी विक्कीकडं गेलो. वाईट पोरगा नाही तो, हेही सांगतो. प्रायव्हेट कंपनीत हाये, दोन पोट्टे कॉलेजच्या उंबऱ्यावर, बायकोचं आजारपण. चहा देल्ला, पाया पडला.

म्हटलं, "विक्की, करारात आईसाठी एक खोली टाकून घे."

"काका, करार होऊन गेला. अॅडव्हान्स घेतला, तो खर्चही झाला. आता बिल्डर एक खोली वाढवून देते काय? आईले आम्ही टाकून नाही देऊन राह्यलो. मायाकडं राहीन, आम्ही येऊ-जाऊ."

"तिची इच्छा नाही नं बाबा."

"अन् काका," तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "कागद तं तुम्हीच लिहिला होता. तवा नाही सांगतलं कोणी, की हिच्या नावानं ठेवा म्हणून." चहा तसाच ठेवून उठलो.

मग अर्ज केला. ज्येष्ठ नागरिकायचा जो कायदा हाये, त्याच्याखाली प्रांत ऑफिसमध्ये अर्ज करता येते. तिथं वकील लागत नाही, म्हातारा माणूस स्वतः उभा राहू शकते. अर्ज मीच लिहिला. या वेळी एकेक ओळ वहिनीले वाचून दाखवली. ती मधात म्हणाली, "विक्कीले शिक्षा तं नाही नं होणार?" म्हटलं, "नाही हो, फक्त एक खोली भेटन." मग तिनं सही केली.

पहिली तारीख एप्रिलच्या पहिल्या हप्त्यात पडली. कूलर नुसता आवाज करून राहिला होता. प्रांत मॅडम तरुण होत्या, पण कागद नीट वाचत होत्या, पान उलटण्याआधी पुन्हा वर जात होत्या. मले असे लोक आवडतात.

"यात मुलानं आईला सांभाळावं अशी अट कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "अट असती तर काम सोपं होतं. आजी, सही करताना आपण आपला हिस्सा देतोय, हे तुम्हाला माहीत होतं का?"

वहिनीनं माह्याकडं पाह्यलं. विक्की लगेच बोलला, "मॅडम, शेवटी लिहिलं हाये, वाचून दाखवलं म्हणून."

"दस्त लिहिणारा कोण?"

"मीच, मॅडम," मी म्हटलं.

मॅडमनं चष्मा काढून माह्याकडं पाह्यलं. मग म्हणाल्या, "पुढच्या तारखेला आजींचा आणि तुमचा जबाब शपथेवर घेऊ. आजींना काहीच वाचून दाखवलं नव्हतं, आणि मुलगा सांभाळेल या भरवशावरच त्यांनी सही केली, असं दोघांच्या तोंडून आलं, तर मला या दस्ताकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागेल. तोपर्यंत घर पाडायचं नाही." विक्कीचं तोंड उतरलं. पंधरा दिवसानंतरची तारीख भेटली.

बाहेर आल्यावर वहिनीच्या चेहऱ्यावर मी फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच हसू पाह्यलं. सिटी बसमध्ये ती खिडकीजवळ बसली अन् म्हणाली, "मागची खोली दिली तरी चालते भाऊजी, तिथं पाणी जवळ हाये." मी म्हटलं, "तुम्ही फक्त खरं बोला. वाचून दाखवलं नव्हतं, एवढंच. बाकी मी सांगतो."

"तुम्हाले काही होणार तं नाही?"

"मले काय होते? त्र्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याले कोण खाते?"

अन् मी ठरवलं होतं. खोटं नाही सांगत. आंघोळ करताना, भाजी आणताना, मी तेच वाक्य म्हणत होतो. मॅडम, मी वाचून दाखवलं नाही, मी समजावलं नाही, पोरीची सही काढायले मी आईची सही आधी घेतली. चार चौघात सांगायचं म्हणजे चाळीस वर्षांची इज्जत जाणार होती. जाऊ दे म्हटलं. देवाजीच्या बायकोचं छप्पर राहते ना, मग जाऊ दे.

दुसऱ्या तारखेले आम्ही साडेदहालेच गेलो. बाहेर व्हरांड्यात एक बाक होता, वहिनी त्याच्यावर बसली. विक्की आला. त्यानं हात जोडले.

"काका, तुमच्या पाया पडतो. आत काही बोलू नका."

"खरं तेच बोलीन."

"मग माहा नाइलाज हाये. बिल्डरचा वकील म्हणते, वाचून दाखवलं असं खोटंच लिहून सही केली म्हणजे फसवणूक होते. दस्तलेखकावर पोलिसात द्यायचं म्हणते. सात वर्षं म्हणते. आता मी काय करू? बिल्डर माह्या मानगुटीवर बसून राहिला हाये."

"जा, दे पोलिसात," मी म्हटलं. आवाज चांगला मोठा निघाला. हे सात वर्षांचं खरं होतं की नुसती धमकी, मले आजही माहीत नाही. जगाले कायदा शिकवणारा मी, मी कोणालेच विचारलं नाही. वहिनी दोन हात अंतरावर बसून होती. तिनं पदर नीट केला अन् समोर भिंतीकडं पाहत राह्यली. मले वाटलं तिले ऐकू नाही आलं.

पुकारा झाला. आधी वहिनीले बोलावलं. शपथ झाली.

मॅडमनं सोप्या भाषेत विचारलं, "आजी, हा कागद तुम्हाला कोणी वाचून दाखवला होता का?"

"हो," वहिनी म्हणाली.

मॅडमचा पेन थांबला. "नीट आठवा. घाई नाही. पूर्ण वाचून दाखवला होता?"

"पूर्ण वाचून दाखवला होता, साहेब. रुपराव भाऊजीनं. समजावूनही सांगतला. माहा हिस्सा जाते हेही सांगतलं होतं. मी राजीखुशीनं सही केली. भाऊजीची काही चूक नाही."

"अर्जात तर तुम्ही वेगळं लिहिलंय."

"म्हातारपणात ध्यानात राहत नाही, साहेब. आता आठवलं."

मॅडमनं पुन्हा विचारलं, अन् पुन्हा तेच उत्तर आलं. त्या काय झालं ते समजल्या होत्या, मले त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या माह्याकडं वळल्या. आवाज एकदम हळू केला. "काका, तुम्हाला काही सांगायचंय? आजी काय म्हणाल्या ते बाजूला ठेवा. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा."

वाक्य माह्या तोंडात होतं. पंधरा दिवस घोटलेलं होतं. वहिनीनं माह्याकडं पाह्यलं अन् नाही म्हणून मान हलवली, इतकी थोडी, की दुसऱ्या कोणाले दिसली नसंन.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "त्या म्हणतात तसंच हाये."

अन् मले हायसं वाटलं. लपवून काय करू? आधी हायसं वाटलं, आंगावरचं ओझं उतरल्यावर वाटते तसं. लाज मग आली. त्या खुर्चीतून उठेपर्यंत मी सुटलेला माणूस होतो.

व्हरांड्यात वहिनीनं बाटलीतलं पाणी प्यायलं. "आता तं नाही नं होणार काही तुम्हाले?" तिनं विचारलं.

"काहून खोटं बोलल्या वहिनी? काहून?"

"तुम्हाले पोलिसानं नेलं असतं तं त्यायले, तुमच्या दोस्ताले, काय तोंड दाखवलं असतं मी? जाऊ द्या. खोलीचं काय, आज हाये उद्या नाही."

दार उघडंच होतं. पुढच्या केसचा पुकारा व्हायचा होता. मॅडम अजून आमचाच कागद समोर घेऊन बसल्या होत्या, मले बाहेरून दिसत होतं. चार पावलं होती. आत जाऊन सांगता आलं असतं, मॅडम, ती माह्यासाठी खोटं बोलली. मी वहिनीची पिशवी उचलली अन् म्हटलं, "चला, बस चुकन."

महिन्याभरानं आदेश आला. हक्कसोडपत्रात दखल देता येत नाही. मुलानं आईले दरमहा चार हजार द्यावे. विक्कीनं दोन महिने देल्ले, मग बंद. म्हटलं, वसुलीचा अर्ज करू, वहिनी नको म्हणाली.

घर पाडलं त्या दिवशी मी गेलो नाही. मार्तंड पाहून आला, त्यानं सांगतलं, "दोन तासात साफ केलं गा." मी त्याले घरातून हाकलून लावलं.

पावसाळ्यात एकदा कुहीले जाऊन आलो. मायाच्या दोन खोल्या. वहिनीची खाट मधल्या बोळीत, धानाच्या पोत्यायले लागून. जावई नमस्कार करून बाहेर निघून गेला तो मी उठेपर्यंत आलाच नाही. वहिनी चुलीशी चहा करत होती, तवा माया माह्याजवळ येऊन बसली. चाळिशीची झाली, केस पांढरे झाले.

"काका, मी त्या दिवशी सही नव्हती करत," ती म्हणाली. "आईनं केली म्हणून केली. आता हे मले रोज ऐकवतात, तुह्या आईनंच तुहा हिस्सा घालवला अन् आता आमच्याच दारात बसली. आई ऐकून घेते. काही बोलत नाही."

"माये, यात आईची चूक नाही वं," मी म्हटलं. पुढचं बोलायले तोंड उघडलं अन् वहिनी चहा घेऊन आली. चहा प्यायलो अन् साडेचारच्या एसटीनं परत आलो. मायाले ते अजूनही सांगतलं नाही.

आता दर रविवारी दुपारी वहिनीचा फोन येते. मायाच्या फोनवरून करते, म्हणून हळू बोलते. तब्येत, पाऊस, धान, सगळं मागून. आधी तेच विचारते.

"भाऊजी, पोलीस-बिलीस कोणी आलं तं नाही नं?"

"नाही वहिनी, कोणी नाही आलं."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणते. "तेवढं तं माह्या हातून झालं."

मग विचारते, जेवले काय. मी म्हणतो, हो, जेवलो.